वांग्याच्या पानाखालची राखणदारीण

वांग्याचं रोप चांगलं तरारलेलं असतं, फुलंही धरलेली असतात आणि एके दिवशी लक्षात येतं की पानांना जाळी पडली आहे. शिरा तेवढ्या शाबूत, मधला हिरवा भाग कुणीतरी खरवडून नेल्यासारखा. पान उलटं करून पाहिलं तर खाली पिवळ्या रंगाच्या, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे असलेल्या अळ्या निवांत चरत बसलेल्या. कोलकात्यातल्या गच्चीवरची कुंडी असो, शहराच्या पूर्वेचा धापाचा भाजीमळा असो की खानदेशातलं भरिताच्या वांग्यांचं शेत असो, हे दृश्य सगळीकडे सारखंच दिसतं. त्यानंतर काय होतं तेही बहुधा सारखंच असतं. घरात असेल ते औषध पाण्यात मिसळायचं आणि फवारून मोकळं व्हायचं.

तसं करण्याआधी आणखी दोन-चार पानं उलटून पाहा. पिवळ्या अळ्यांच्या घोळक्यात एखादी वेगळी अळी दिसेल. रंग तपकिरी, अंग ताठ आणि सुकलेलं, पानाला घट्ट चिकटलेली. हात लावला तरी हलत नाही. मेलेली अळी म्हणून आपण ती सहज झटकून टाकतो. अळी मेलेलीच असते, पण तिच्या आत वीस-पंचवीस जीव वाढत असतात, आणि ते सगळे तुमच्या वांग्याच्या बाजूचे असतात.

ही करामत एका चिमुकल्या गांधीलमाशीची. तिचं शास्त्रीय नाव पेडिओबियस फोव्हिओलेटस. मराठीत तिला स्वतःचं असं नाव नाही. आकार मोहरीच्या दाण्याएवढा, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर. आपल्या भाजीच्या पानाखाली ती कुणी न बोलावता येते आणि काम करून जाते. हीच माशी साठ वर्षांपूर्वी अमेरिकेने भारतातून मुद्दाम नेली आणि तिकडे ती प्रयोगशाळेत वाढवून दरवर्षी शेतांत सोडावी लागते.

एक ढालकिडा मित्र, दुसरा शत्रू

आधी त्या पिवळ्या अळीची ओळख करून घेऊ. ही अळी मोठी झाली की तिचा भुंगेरा होतो. गोल, घुमटासारख्या पाठीचा, तांबूस रंगाचा आणि पाठीवर काळे ठिपके असलेला. मुलांना विचाराल तर ती लगेच म्हणतील, ‘हा तर लेडीबर्ड!’ आणि ते चूक नाही. मराठीत आपण ज्याला ढालकिडा म्हणतो त्याच कुळातला हा.

पण ढालकिड्यांच्या कुळात दोन पंथ आहेत. बहुतेक ढालकिडे मावा खातात. लाल-चकचकीत पाठीवर सात ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याची अळी रोज कितीतरी मावा फस्त करतात, म्हणून शेतकरी त्यांना मित्रकीटक मानतात. वांग्यावरचा हा भुंगेरा मात्र शाकाहारी. त्याच्या पाठीवर अठ्ठावीसपर्यंत ठिपके असतात. डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७७५ मध्ये त्याला नाव दिलं तेच मुळी ‘अठ्ठावीस ठिपक्यांचा’ अशा अर्थाचं. शेतीच्या पुस्तकांत तो एपिलॅक्ना भुंगेरा किंवा हड्डा भुंगेरा म्हणून भेटतो.

दोघांतला फरक ओळखणं सोपं आहे. मित्र ढालकिडा तेल लावल्यासारखा चमकतो. वांग्यावरच्या भुंगेऱ्याच्या अंगावर बारीक लव असते, त्यामुळे तो मळकट, निस्तेज दिसतो. मित्राची अळी लांबट, गडद रंगाची आणि चपळ असते, तर शत्रूची अळी पिवळी, काटेरी आणि आळशी.

या भुंगेऱ्याची मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळी, लांबट अंडी उभी करून ठेवते. एका पुंजक्यात दहा-वीस किंवा त्याहून अधिक अंडी असतात आणि आयुष्यभरात ती अशी शेकडो अंडी घालते. अळ्या बाहेर पडल्या की चार वेळा वाढतात आणि प्रत्येक वेळी भूकही वाढते. मग पानावरच कोष होतो आणि अंड्यापासून महिनाभरात नवा भुंगेरा तयार. वांगं, बटाटा, टोमॅटो ही त्याची आवडती झाडं. ती नसतील तर बांधावरची कामोणी आणि धोत्राही चालतो. बंगालमध्ये हुगळी आणि बर्धमान हे बटाट्याचे मोठे पट्टे आणि वांगं तर घरोघरी, त्यामुळे या भुंगेऱ्याला इथे खाण्याची ददात नाही.

अळीच्या आत संसार

आता आपली गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला वळचणीचं पोळं आणि सुजलेला हात आठवतो. पण गांधीलमाश्यांच्या जगात अशा डंख मारणाऱ्या जाती थोड्याच. हजारो जाती इतक्या बारीक आहेत की त्या आपल्या हातावर येऊन बसल्या तरी चिलट समजून आपण फुंकर मारू. पेडिओबियस ही त्यांतलीच. काळसर अंग, त्यावर धातूसारखी हिरवी-निळी झाक. माणसाला तिच्यापासून काहीही अपाय नाही.

अंडी घालायच्या वेळी मादी पानापानांवर फिरून अळी शोधते. शक्यतो वाढलेली, धष्टपुष्ट अळी तिला हवी असते, कारण तिच्या सगळ्या पिलांचं पोट त्या एका अळीवर भरायचं असतं. अळी सापडली की ती तिच्या पाठीवर चढते आणि सुईसारख्या अवयवाने अळीच्या शरीरात अंडी सोडते. एक-दोन नाही, वीसेक. अळीला वरून काहीच झालेलं दिसत नाही. ती काही दिवस पान खातही राहते, पण तिच्या आत दुसराच संसार सुरू झालेला असतो. अंड्यांतून निघालेली पिलं तिला आतून खाऊ लागतात. आठ-दहा दिवसांत अळी मरते आणि तिची कातडी तपकिरी होऊन कडक बनते. कीटकशास्त्रज्ञ तिला ‘ममी’ म्हणतात. त्या सुक्या कातडीच्या आडोशाला पिलांचे कोष होतात आणि काही दिवसांनी कातडीला बारीक गोल भोक पाडून माश्या एकामागून एक बाहेर पडतात. अंड्यापासून इथपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात.

भुंगेऱ्याच्या एका पिढीला महिना लागतो आणि माशीची पिढी त्याच्या निम्म्या वेळात पूर्ण होते. शिवाय एका अळीतून वीसेक माश्या निघतात. म्हणून सुरुवातीला भुंगेरे पुढे असले तरी माशी त्यांना हळूहळू गाठते. सुरुवातीला पन्नास अळ्यांत एखादीच तपकिरी दिसते आणि आपल्याला वाटतं, एकीने काय होणार! तीन-चार आठवडे दम धरला तर त्याच वाफ्यात तपकिरी अळ्या जागोजागी दिसू लागतात.

जो कीटक दुसऱ्या जिवाच्या अंगावर किंवा अंगात वाढतो आणि शेवटी त्याचा जीव घेतो, त्याला मराठी शेतीसाहित्यात परोपजीवी मित्रकीटक म्हणतात. महाराष्ट्रातल्या ऊस आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ट्रायकोग्रामा हे नाव माहीत असतं, कार्डावर चिकटवून ते विकतही मिळतं. ट्रायकोग्रामा पतंगांच्या अंड्यांवर जगतं, पेडिओबियसची ही जात भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर. दोघांचंही काम न पाहणाऱ्याला दिसत नाही.

किडा खरंच भ्रमर होतो का?

एका कीटकातून दुसरा कीटक निघतो हे आपल्या पूर्वजांनी पाहिलं होतं. आपल्या जुन्या ग्रंथांत भ्रमरकीटकन्याय येतो. भ्रमर एका किड्याला पकडून मातीच्या घरात कोंडतो, किडा भीतीने सतत भ्रमराचंच चिंतन करतो आणि शेवटी स्वतःच भ्रमर होऊन बाहेर येतो, असा तो दृष्टान्त. ज्याचं चिंतन करावं त्याचं रूप माणसाला मिळतं, हे सांगण्यासाठी संतांनीही तो वापरला. बंगालमध्ये हीच समजूत झुरळ आणि काचपोका यांच्याबद्दल आहे. काचपोका ही हिरवी-निळी चमकणारी गांधीलमाशी झुरळाला ओढत आपल्या बिळात नेते आणि झुरळाचा काचपोका होतो, असं म्हणत.

दृष्टान्त म्हणून हे सुंदरच आहे, आणि निरीक्षणही अर्धं बरोबर आहे. किडा आत जातो आणि गांधीलमाशी बाहेर येते, हे खरं. मधली गोष्ट मात्र बंद दाराआड घडलेली असते. किड्याचं रूप बदललेलं नसतं, त्याच्यावर घातलेल्या अंड्यातून निघालेलं पिलू त्याला खाऊन मोठं झालेलं असतं.

ती मधली गोष्ट तासन् तास बसून पाहणारा एक माणूस कोलकात्यातच होऊन गेला. गोपालचंद्र भट्टाचार्य (१८९५ ते १९८१). जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या बोस संस्थेत त्यांनी आयुष्य घालवलं आणि मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या यांच्या वागण्यावर साध्या बंगालीत भरपूर लिहिलं. त्यांच्या ‘बांगलार कीटपतंग’ या पुस्तकाला १९७५ मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला. मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीला बंगालीत ‘कुमोरे पोका’ म्हणतात. कुमोर म्हणजे कुंभार. आपण तिला कुंभारीण म्हणतो. दोन भाषांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता तिच्यात कुंभारच पाहिला.

कुंभारीण अळीला बेशुद्ध करून मडक्यात कोंडते. पेडिओबियस इतकी बारीक की तिला मडकं बांधण्याची गरजच पडत नाही. अळीची कातडी हेच तिच्या पिलांचं मडकं.

जादूघरातलं बारसं

मोहरीएवढ्या माशीला नाव कशाला हवं, असं वाटू शकेल. पण या माश्यांच्या शेकडो जाती वरून अगदी सारख्या दिसतात आणि त्यांची कामं वेगवेगळी असतात. एक जात किडीला मारते, तर दुसरी किडीला मारणाऱ्या माशीलाच खाते! पेडिओबियसच्या घराण्यातच असे दोन्ही प्रकार आहेत. नीट ओळख पटवल्याशिवाय मित्र कोण आणि मित्राचा शत्रू कोण हे कळत नाही.

पेडिओबियस हे घराण्याचं नाव फ्रान्सिस वॉकर या इंग्रज अभ्यासकाने १८४६ मध्ये दिलं. आपल्या जातीचं वर्णन क्रॉफर्ड या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. फोव्हिओलेटस म्हणजे बारीक खळगे असलेला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या अशा खुणांवरूनच या माश्या ओळखायच्या असतात.

आपल्या देशात या ओळख पटवण्याच्या कामाचं माहेरघर कोलकाता. इथलं १८१४ मध्ये सुरू झालेलं इंडियन म्युझियम म्हणजे बंगाली माणसांचं ‘जादूघर’. त्याच्या प्राणिविभागातून १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. नेल्सन अॅनँडेल हे तिचे पहिले संचालक. तिचं मुख्यालय आजही कोलकात्यात न्यू अलीपूरला आहे आणि महाराष्ट्रासाठीचं केंद्र पुण्याजवळ आकुर्डीला. एम. एस. मणी यांनी भारतातल्या या बारीक गांधीलमाश्यांच्या मोठ्या गटावर लिहिलेले दोन जाडजूड खंड याच संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. टाचणीच्या टोकाएवढ्या माश्या कागदाच्या तुकड्यावर चिकटवून, प्रत्येकीखाली गाव आणि तारीख लिहून ठेवायची, असं हे काम. कुणी टाळ्या वाजवत नाही, पण एखाद्या देशाला किडीचा उपाय हवा असतो तेव्हा शोध अशाच नोंदींपासून सुरू होतो. अमेरिकेला तशी गरज १९६० च्या दशकात पडली.

वांग्यावरून सोयाबीनवर

अमेरिकेतही ढालकिड्यांच्या कुळात एक शाकाहारी निघाला होता. मेक्सिकन बीन बीटल म्हणजे मेक्सिकोतून वर सरकलेला घेवड्यावरचा भुंगेरा. आपल्या वांग्यावरच्या भुंगेऱ्याचा हा चुलतभाऊच. तो घेवड्याची आणि सोयाबीनची पानं अगदी तशीच जाळीदार करायचा. त्याला तिकडे म्हणावा तसा शत्रू नव्हता. मग अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या कीटकशास्त्रज्ञांनी विचार केला की याचे भाऊबंद जिथे पूर्वापार नांदतात तिथे त्यांचे शत्रूही असणार. शोध घेत ते भारतापर्यंत आले. १९६६ मध्ये पेडिओबियस भारतातून अमेरिकेत गेली.

या माशीने मेक्सिकन भुंगेरा जन्मात कधी पाहिला नव्हता. तरी प्रयोगशाळेत तिने त्याच्या अळीवर अंडी घातली, अळ्या तपकिरी झाल्या आणि माश्या बाहेर पडल्या. शेतात सोडल्यावरही तिने तेच केलं.

अडचण आली ती हिवाळ्याची. तिकडचा भुंगेरा थंडी पडली की रानातल्या पाचोळ्याखाली जाऊन महिनोन् महिने गपगार पडून राहतो. अळी नावाची गोष्ट त्या काळात शिल्लकच नसते. आपल्या माशीला मात्र अशी झोप घेता येत नाही. बंगाल-महाराष्ट्रात वांगी, बटाटा, कामोणी यांपैकी काहीतरी सतत हिरवं असतं, त्यामुळे झोपून राहण्याची सवय तिला कधी लागलीच नाही. म्हणून अमेरिकेच्या पहिल्याच हिवाळ्यात ती मरते. वसंतात भुंगेरा जागा होतो तेव्हा माशी नसते.

यावर तोडगा म्हणून दरवर्षी नव्या माश्या वाढवून सोडायच्या असं ठरलं. १९७० च्या दशकात मेरीलँड राज्यात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. सोयाबीनच्या शेताच्या कडेला घेवड्याची छोटी पट्टी लवकर पेरायची. जागे झालेले भुंगेरे आधी तिथे गोळा होतात आणि अंडी घालतात. अळ्या मोठ्या झाल्या की त्या पट्टीत माश्या सोडायच्या. दोन आठवड्यांनी त्या अनेक पटींनी वाढतात आणि तोवर उगवून आलेल्या सोयाबीनमध्ये आपोआप पसरतात. किडीला मुद्दाम जेवायला बोलवायचं, म्हणजे तिच्या शत्रूचीही सोय होते! न्यू जर्सी राज्याच्या कृषी खात्याने तर या माशीच्या पैदाशीसाठी आपल्या मित्रकीटक प्रयोगशाळेत कायमची व्यवस्था केली. परसबागेत घेवडा लावणारी माणसं तिकडे या तपकिरी ममी पैसे देऊन मागवतात.

अशी देवाणघेवाण आपल्या बाजूनेही झाली आहे. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण पहिल्यांदा आढळला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पोहोचला. मूळ मध्य अमेरिकेतली ही कीड, इथे तिला शत्रू नव्हता. २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून असेरोफॅगस नावाची अशीच बारीक गांधीलमाशी आणली, वाढवली आणि ठिकठिकाणी सोडली. पपईच्या बागा सावरल्या. एका माशीच्या मोबदल्यात जणू दुसरी माशी मिळाली.

फुकट मिळतं म्हणून

अमेरिकेत जी वाढवून सोडावी लागते ती आपल्याकडे आपोआप येते. पण फवारणीच्या एका फेरीत तीच आधी जाते. भुंगेरा मोठा, जाड पाठीचा असतो, त्याची अंडी आणि कोष पानाखाली सुरक्षित असतात. माशी उघड्यावर फिरणारी, नाजूक आणि मोहरीएवढी. सरसकट सगळ्या कीटकांना मारणारं औषध पडलं की भुंगेऱ्यांतले काही तरी वाचतात, माशी जवळपास संपते. पंधरा दिवसांनी उरलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात तेव्हा त्यांना अडवणारं कुणी नसतं. मग पुन्हा फवारणी.

वांग्याच्या बाबतीत हा प्रश्न थेट आपल्या ताटापर्यंत येतो. वांग्यावर फवारणी होते ती प्रामुख्याने शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. तो पतंग वेगळा, त्याच्यावर आपली माशी काहीच करू शकत नाही. त्या अळीमुळेच बीटी वांग्याचा वाद पेटला होता. २०१० च्या सुरुवातीला केंद्र सरकारने सात शहरांत लोकांची मतं ऐकली, सुरुवात कोलकात्यातून झाली आणि महाराष्ट्रात नागपूरला सुनावणी झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी बीटी वांग्याला स्थगिती जाहीर झाली. पोखरणाऱ्या अळीचा त्रास मात्र तसाच राहिला. शेतकऱ्याचं त्यात नुकसान होतं, हे नाकारून चालणार नाही. पण पोखरणाऱ्या अळीसाठी मारलेलं औषध पानावरच्या माशीलाही मारतं, आणि नुसती जाळीदार पानं पाहून घाबरून केलेली फवारणी तर बऱ्याचदा टाळता येण्यासारखी असते.

शिवाय वांगी काही एकदम तोडत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी तोडा होतो. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, पण झाडावर तयार वांगी दिसत असताना ते दिवस पाळणं जड जातं. मग बेगुन भाजा असो की आपली भरली वांगी, औषधाचा अंश सालीसकट कढईत जाऊ शकतो. टाळता येणारी प्रत्येक फवारणी म्हणूनच घरातल्यांच्या हिताची.

घरच्या बागेत एवढं करा

कुंडीत किंवा परसात चार-सहा वांग्याची रोपं असतील तर काम अगदी सोपं आहे. मुलांना सोबत घ्या, त्यांना यात मजा येते.

आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहा. पिवळ्या अंड्यांचे उभे पुंजके दिसले तर पानाचा तेवढा तुकडा तोडून टाका. मावा असलेल्या झाडावर तशीच पिवळी अंडी मित्र ढालकिड्याचीही असू शकतात. वांग्याच्या पानाला जाळी पडलेली असेल आणि जवळ पिवळ्या काटेरी अळ्या असतील तर शंका उरत नाही.

पिवळ्या, हलणाऱ्या अळ्या आणि मळकट भुंगेरे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. हातमोजे नसतील तर कागदाचा तुकडा पुरे.

तपकिरी, ताठ, काटे तसेच असलेल्या अळ्यांना हात लावू नका. कोष आणि ममी यांत गोंधळ होऊ शकतो. भुंगेऱ्याचा कोष फिकट पिवळसर, गोलसर असतो, त्यावर गडद ठिपके असतात आणि जुनी काटेरी कातडी मागच्या टोकाशी गोळा झालेली असते. ममी म्हणजे अख्खी अळीच सुकलेली दिसते. तिच्यावर टाचणीने टोचल्यासारखं भोक असेल तर माश्या उडून गेल्या आहेत, भोक नसेल तर त्या अजून आत आहेत. पान खराब झालं म्हणून तोडायचंच असेल तर ममी असलेलं पान रोपाच्या बुंध्याशी सावलीत ठेवा.

सगळ्याच अळ्या वेचून संपवण्याचा हट्ट धरू नका. चार-दोन अळ्या राहिल्या तर माशीला पुढची पिढी वाढवायला जागा राहते. वांग्याचं रोप थोड्या पानांची जाळी सहज सोसतं.

जवळच कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेप फुलावर येऊ द्या. मोठ्या झालेल्या माशीचं अन्न म्हणजे फुलातला मध, आणि अशी बारीक, उघडी फुलं तिच्या तोंडाला पुरतात.

अळ्या फारच वाढल्या आणि काहीतरी मारावंच लागलं तर निंबोळी अर्क संध्याकाळी, आणि फक्त जास्त लागण झालेल्या रोपांवर मारा. शेजारचं रोप तसंच राहू द्या म्हणजे माशीला आसरा राहील.

शेतावर हे सगळं हाताने करणं शक्य नाही, पण पाहणी शक्य आहे. फवारणीच्या आदल्या दिवशी शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली मिळून वीस-पंचवीस पानं उलटा. दिसलेल्या अळ्यांत पिवळ्या किती आणि तपकिरी किती ते मोजा. तपकिरी वाढताना दिसत असतील तर पानांसाठीची फवारणी आठवडाभर पुढे ढकलून पुन्हा मोजा.

मुलांना ममी पाहायची हौस असेल तर एक तपकिरी अळी पानासकट काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा आणि बाटली उन्हापासून दूर ठेवा. काही दिवसांत काचेवर काळे ठिपके चालताना दिसतील. भिंग असेल तर त्यांच्या अंगावरची हिरवी-निळी झाक दिसते. ती पाहून झाली की बाटली वांग्याच्या रोपापाशी नेऊन उघडा.